वाचकांचे प्रश्न : जोड कार्बोरेटर आणि थ्रॉटलची जोडणी

जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या जोड, म्हणजे एका इंजिनावर दोन, एसयू कंपनीच्या कार्बोरेटरांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. पत्रांत पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट आधीच सांगतो: बहुतेकांनी आधी लिंकेज, म्हणजे दोन्ही थ्रॉटलना जोडणारे दांडे, घट्ट केलं आणि नंतर कार्बोरेटर लावायला, म्हणजे ट्यून करायला, घेतले. क्रम नेमका उलटा हवा.

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी आहे, त्यावर दोन एसयू एचएस४. कार्बोरेटर खोलून साफ केले, जेट (पेट्रोल येतं ती नळी) आणि त्यातल्या सुया नव्या घातल्या. तरी इंजिन स्लोवर (रेस न देता) थरथरतं आणि सायलेन्सरमधून मधूनच फट् फट् आवाज येतो. वेगवेगळ्या मेकॅनिकनी स्क्रू फिरवून पाहिले, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. सुरुवात कुठून करायची? (पुणे)

कार्बोरेटरला हात न लावता सुरुवात करा. टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग हे चारही आधी बरोबर असल्याची खात्री हवी. तुमच्या १७९८ सीसीच्या इंजिनाला टॅपेट थंड असताना ०.०१५ इंच (०.३८ मिमी), पॉइंटची गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची गॅप ०.०२५ इंच. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बराच खाली असेल तर कार्बोरेटर कितीही लावा, स्लो बसणार नाही.

मग हवेची गळती. मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग, ब्रेक सर्व्होचा पाइप आणि क्रॅंककेसच्या हवेचा व्हॉल्व्ह या चार जागा तपासा. १९६४ पासून काही वर्षं एमजीबीच्या मॅनिफोल्डवर गोल डबीसारखा स्मिथ्सचा व्हॉल्व्ह येत असे. त्यातला रबरी पडदा फाटला की मॅनिफोल्ड तिथून मोकळी हवा ओढतं आणि दोन्ही कार्बोरेटरांवरचं मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, बिघडतं. तो पाइप काढून मॅनिफोल्डचं तोंड तात्पुरतं बंद करा; इंजिनाची चाल लगेच सुधारली तर दोष तिथेच आहे. सांध्यांची गळती शोधायला कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारायची सवय पडली आहे, पण या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. तापलेल्या एक्झॉस्टवर तो फवारा पेट घेतो. तेलाच्या कुपीने सांध्यावर दोन-दोन थेंब सोडा. गळती असेल तर तेल आत ओढलं जातं, इंजिनाचा आवाज बदलतो आणि धूर निळसर होतो.

आता थ्रॉटलचा, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेचा, शाफ्ट. तो चिमटीत धरून वर-खाली हलवा. बोटाला प्ले जाणवला की स्लो कधीच स्थिर राहणार नाही, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असताना तिथून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. नवा शाफ्ट घालून पाहा. तरी प्ले राहिला तर बॉडी झिजली आहे. मग बॉडी रीमर करून बुश बसवणं हाच खरा इलाज. भोक सरळ रेषेत राहिलं पाहिजे, म्हणून हे काम हातड्रिलवर करू देऊ नका.

थ्रॉटलची चकती बंद करून उजेडासमोर धरा. कडेने सगळीकडे सारखी, अगदी बारीक फट दिसायला हवी. एका बाजूला जास्त उजेड दिसला तर दोन्ही स्क्रू ढिले करा, चकती पूर्ण बंद करून आपोआप मध्यावर येऊ द्या आणि स्क्रू पुन्हा कसा. या स्क्रूंची टोकं चिरलेली असतात, ती फाकवायला विसरू नका. सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो. काही नंतरच्या गाड्यांच्या चकतीत छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग मरगळली की स्लो खाली येतच नाही. अशा वेळी साधी चकती बसवलेली बरी.

जेट नवे आहेत म्हणता, तेव्हा ते सुईच्या मध्यावर आणलेत का? तुमच्या गाडीतली सुई पक्की बसणारी असते, स्प्रिंगवर झुकणारी नव्हे. तिचा खांदा कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या तळाशी समतल हवा. जेटचा नट फिरवून जेट पूर्ण वर न्या, पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. खाली पुलावर (जेटच्या तोंडाभोवतीच्या सपाट भागावर) आपटताना टक् असा स्वच्छ धातूचा आवाज आला पाहिजे. आवाज दबका आला तर जेटचा मोठा लॉकनट ढिला करा, जेट वर आणि पिस्टन खाली दाबलेला ठेवून नट कसा, आणि पुन्हा ऐका. जेट वर असताना टक् आणि जेट खाली असतानाही टक्, दोन्हींत फरक नको.

सक्शन चेंबर (पिस्टनवरचा घुमट) आणि पिस्टन ही जुळवलेली जोडी असते. पुढच्याचा पिस्टन मागच्यात घालू नका, आणि पिस्टनला पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका. दोन्ही पेट्रोलने पुसा. पिस्टनच्या दांड्यावर तेलाचा एक थेंब पुरे, बाहेरची भिंत कोरडी ठेवा. स्प्रिंगचे रंगही पाहा. एमजीबीच्या एचएस४ ला लाल, म्हणजे साडेचार औंसाची स्प्रिंग असते. निळी अडीच औंसाची, पिवळी आठ औंसाची. एकात लाल आणि दुसऱ्यात निळी असेल तर स्लोवर फारसं कळत नाही, रेस दिली की दोन पिस्टन वेगवेगळ्या उंचीवर जातात.

इथवर सगळं ठीक असेल तर लावायला घ्या. एअर फिल्टर काढा. दोन्ही कार्बोरेटरांना जोडणाऱ्या थ्रॉटलच्या दांड्यावरचे क्लॅम्प ढिले करा, चोकच्या दांड्यावरचेही. यापुढे प्रत्येक कार्बोरेटर स्वतंत्र आहे. क्लॅम्प घट्ट ठेवून स्क्रू फिरवला तर एका कार्बोरेटरचा स्क्रू दुसऱ्याची चकतीही उघडी धरतो आणि तुम्ही नेमकं काय बदलताय हे कळत नाही. तुमच्या बाबतीत मतं वेगवेगळी पडली, त्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

दोन्ही जेट पुलाशी समतल करा आणि तिथून नट बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली आणा. स्लोचे स्क्रू थ्रॉटल बंद होईपर्यंत सैल करा, टेकतील तिथून प्रत्येकी एक फेरा आत घ्या. फास्ट आयडलचे (चोक ओढल्यावर स्लो वाढवणारे) स्क्रू कॅमपासून सुटे ठेवा. इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्या. बोनेटखाली उभं ठेवून नुसतं घुरघुरवत तापवण्यापेक्षा एक फेरी मारून आणा.

पहिल्यांदा हवा सारखी करायची. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात, दोन्हीकडे एकाच जागी आणि तितक्याच खोलवर धरा. फुसफुस सारखी येईपर्यंत स्लोचे दोन स्क्रू कमी-जास्त करा. हवा मोजायचं मीटर असेल तर अधिक चांगलं, पण ते तोंडावर घट्ट बसलं पाहिजे. स्लो ७०० ते ८०० आरपीएमच्या आसपास ठेवा.

मग मिक्स्चर. दोन्ही नट एकेक बाजू, एकाच दिशेने, सारखेच फिरवा. खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी). आरपीएम सर्वांत जास्त होतो ती जागा शोधा, आणि तिथून आरपीएम नुकता पडू लागेपर्यंत वर या. आता पिस्टन उचलायच्या पिनेने पुढचा पिस्टन साधारण १/३२ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, उचला. इंजिन वेग घेऊन तिथेच राहिलं तर पुढचा रिच आहे. लगेच बसू लागलं तर लीन. किंचित वर जाऊन पुन्हा पूर्वपदावर आलं तर बरोबर. यापेक्षा जास्त उचललं की तो कार्बोरेटर बाद होतो आणि चाचणीला अर्थ राहत नाही. नंतर मागचा तपासा आणि मग पुढचा पुन्हा, कारण एकाचा बदल दुसऱ्यावर परिणाम करतो.

हे करताना दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला तर अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर इंजिन चालवून मोकळं करा, नाहीतर प्लग ओले होऊन सगळी निरीक्षणं फसवी येतात. मिक्स्चर बसलं की हवा पुन्हा तपासा. ती थोडी हललेली असतेच.

तुमचा फट् फट् आवाज कसा आहे, हेही ऐका. तालात येणारा आणि काळसर धुराचा असेल तर रिच. बेताल, शिंतोडे उडाल्यासारखा आणि धूर नसलेला असेल तर लीन. शिवाय या इंजिनात चार सिलिंडरांना इनलेटची तोंडं दोनच आहेत: १ आणि २ साठी एक, ३ आणि ४ साठी एक. प्लगचा रंग जोडीने बदलला असेल, म्हणजे पहिले दोन काळे आणि मागचे दोन पांढरट, तर कार्बोरेटरांत तफावत आहे. एकच प्लग वेगळा असेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, टॅपेट आणि प्लगची वायर पाहा.

स्लो उत्तम बसला, दोन्हीकडे हवाही सारखी आहे. पण रेस देताना सुरुवातीला झटका बसतो आणि ट्रॅफिकमध्ये गाडी हिसके देत चालते. ही गाडीही एमजीबीच. (ठाणे)

हा लिंकेजचा दोष आहे. क्लॅम्प ढिले असताना स्लो बसला, नंतर क्लॅम्प कसताना एक चकती दुसरीच्या आधी उघडेल असे ते बसले. सुरुवातीचे काही अंश एकच कार्बोरेटर इंजिन ओढतो, मग दुसरा अचानक सामील होतो. हिसका तिथे बसतो.

रचना अशी आहे. मधल्या दांड्यावर दोन लिव्हर असतात आणि प्रत्येकाची पिन त्या त्या कार्बोरेटरच्या शाफ्टवरच्या फाट्यात शिरते. पिन आणि फाट्याच्या खालच्या बाजूत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. रेस सोडली की दोन्ही चकत्या आपापल्या स्क्रूवर टेकाव्यात आणि मधला दांडा त्यांना अडकवू नये, हा त्या मोकळिकीचा उद्देश. मोकळीक शून्य असेल तर तुम्ही कष्टाने लावलेला स्लो दांड्याच्या मर्जीवर चालतो. दोन बाजूंची मोकळीक वेगळी असेल तर झटका बसतो.

ती अशी लावा. इंजिन बंद करा. दोन्ही क्लॅम्प ढिले हवेत आणि रेसची केबल ताणलेली नको. मधल्या थ्रॉटलच्या दांड्यावरचा थांबा चोकच्या दांड्यावर टेकतो, तिथे ०.०१२ इंचाचं (०.३ मिमी) फीलर गेज घाला. एका बाजूचा लिव्हर खाली आणा, त्याची पिन फाट्याच्या खालच्या पात्यावर अलगद टेकली की क्लॅम्प कसा. टेकवायचं आहे, दाबायचं नाही. दाबलं तर चकती उघडते. दुसऱ्या बाजूचं तसंच करा. कसताना मधला दांडा डावी-उजवीकडे किंचित सरकता, साधारण १/३२ इंच मोकळा राहिला पाहिजे. फीलर काढलं की दोन्ही पिनांना सारखी मोकळीक मिळते.

मग इंजिन सुरू करा. स्लो पूर्वीइतकाच राहिला पाहिजे. बदलला तर कुठेतरी पिन दाबली गेली आहे. त्यानंतर दुसऱ्या कोणाला रेस १५०० आरपीएमवर धरायला सांगा आणि दोन्ही तोंडांवर हवा पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण गाळतात. गाडी रस्त्यावर स्लोवर चालत नाही, तेव्हा लिंकेजसाठी हीच मोजणी महत्त्वाची. इथे फरक दिसला तर स्लोच्या स्क्रूला हात न लावता एकच क्लॅम्प ढिला करून लिव्हर केसभर हलवा.

लिंकेज बरोबर असूनही हिसके राहिले तर पिन आणि फाटे झिजले आहेत का ते पाहा. पिनेवर खाच पडलेली असते. रिटर्न स्प्रिंग फार कडक लावली असेल तर तीही काढा. स्लो खाली येत नाही म्हणून जाडजूड स्प्रिंग लावायची पद्धत वाईट आहे. ती शाफ्ट एका बाजूला ओढते, बॉडीचं भोक लांबट होतं आणि हवा शिरू लागते. मूळ दुखणं सहसा केबलच्या अडण्यात किंवा चकतीच्या तिरकेपणात असतं.

शेवटी पेडल पूर्ण दाबायला लावून कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहा. दोन्ही चकत्या आडव्या झाल्या पाहिजेत. जाड कार्पेट किंवा मॅट पेडलखाली येत असेल तर शेवटचा हिस्सा मिळतच नाही.

चोकची जोडणीही याच वेळी लावा. केबलला १/१६ इंच ढील ठेवा, दोन्ही जेट एकाच क्षणी खाली सरकू लागले पाहिजेत. चोक थोडाच ओढला असताना फक्त फास्ट आयडल वाढतो, जेट हलत नाहीत. तिथे फास्ट आयडलचे दोन्ही स्क्रू सारखे करून साधारण १००० आरपीएम ठेवा.

एमजी टीडी, १९५२. मागच्या कार्बोरेटरखाली सतत पेट्रोलचा ओलावा. जेटचा नट घट्ट केला की मिक्स्चर बिघडतं. यावरचं लिंकेजही तुम्ही लिहिता तसं दिसत नाही. (कोल्हापूर)

टीडीवर सव्वा इंची एच२ कार्बोरेटर असतात, रचना जुनी. त्यातला जेटचा नट मिक्स्चरसाठी आहे, गळती थांबवण्यासाठी नाही. आधी ओलावा नेमका कुठून येतो ते पाहा. सगळं पुसून कोरडं करा, पेट्रोल चालू करा, इंजिन बंदच ठेवा. जेटच्या दांड्याच्या अगदी टोकाशी थेंब जमला तर आतली कॉर्कची ग्लँड (गळती रोखणारं पॅकिंग) गेली आहे. नटाच्या वर, बॉडीशी ओलं दिसलं तर तिथली मोठी कॉर्कची रिंग. कार्बोरेटरच्या तोंडातून, पुलावरून पेट्रोल ओघळत असेल तर कॉर्कचा संबंधच नाही. फ्लोटची (भांड्यातल्या तरंगत्या डबीची) पातळी जास्त आहे किंवा फ्लोटची सुई बसत नाही.

कॉर्क नवे घालणार असाल तर आधी अर्धा तास तरी पातळ तेलात भिजवून ठेवा. कोरडा कॉर्क बसवताना तुटतो आणि जेटवर घट्ट पकडत नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, कार्बोरेटर कोरडे पडले की कॉर्क आकसतात. इथेनॉलच्या पेट्रोलात टिकणाऱ्या सिंथेटिक रिंगा मिळतात, उभ्या राहणाऱ्या गाडीला त्या बऱ्या. मात्र दोन्ही कार्बोरेटरांत एकाच प्रकारच्या घाला. जेट खोलला म्हणजे मध्यावर आणणं पुन्हा आलं.

फ्लोटची पातळी पाहायला झाकण उलटं धरा. दुभंगलेल्या लिव्हरच्या बाकाखाली, झाकणाच्या कडेवर, ३/८ इंचाचा गोल सळईचा तुकडा बसला पाहिजे. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो बुडतो आणि ओव्हरफ्लो होतो. पेट्रोलपंपाचा दाबही मोजून घ्या. या कार्बोरेटरांना अडीच ते तीन पीएसआयच्या वर दाब नको. बाजारातला कुठलाही इलेक्ट्रिक पंप लावला आणि तो पाचवर चालत असेल तर नवी सुईसुद्धा धरणार नाही. हे काम लांबवू नका, कारण तुमच्या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्टच्या वरच बसतात.

लिंकेजबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. एच प्रकारात दोन शाफ्ट मधल्या दांड्याला घडीच्या पत्र्याच्या लवचीक कपलिंगांनी जोडलेले असतात. मोकळिकीची पिन नसते. म्हणून इथे एका बाजूचा क्लॅम्प ढिला करून प्रत्येक कार्बोरेटर स्वतंत्र लावायचा, आणि क्लॅम्प कसताना दोन्ही चकत्या आपापल्या स्क्रूवर पक्क्या टेकलेल्या धरायच्या. कसल्यावर १५०० आरपीएमवरची मोजणी इथे जास्तच गरजेची. दोन जेटच्या लिव्हरांना जोडणारा चोकचा दांडाही तपासा. तो जेमतेम लांब किंवा आखूड असला तर एक जेट कायम थोडा खाली लटकतो, आणि तुम्ही नट फिरवत बसता. दांडा काढून दोन्ही जेट नटावर पूर्ण टेकवा. मग त्याची लांबी अशी करा की पिन जोर न लावता आत जाईल.

सुईवरचा शिक्का पाहायला विसरू नका. टीडीची मूळ सुई ईएस, रिच ईएम, लीन एपी.

पेट्रोल आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) झालं. जुन्या गाडीचं मिक्स्चर किती बदलायचं? पेट्रोलच्या पाइपांचं काय? (नाशिक, नागपूर आणि पणजीहून आलेली पत्रं)

शुद्ध पेट्रोलला जाळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी आठ टक्क्यांच्या आसपास लीन चालते. ई१० वर लावलेली असेल तर फरक निम्मा. इंजिन जास्त तापणं, रेस देताना कार्बोरेटरमधून ठसका, चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं, ही लक्षणं त्याची.

जेट एक-दोन बाजू खाली घेतला की स्लो सुधारतो. पण लक्षात घ्या, स्लोवर सुई आणि जेटमधली फट फार बारीक असते, म्हणून जेटच्या थोड्या हालचालीने तिथे मोठा फरक पडतो. वरच्या वेगाला सुई निमुळती होऊन फट मोठी झालेली असते आणि तोच बदल अपुरा पडतो. त्यामुळे स्लो बरोबर आणि महामार्गावर लीन अशी अवस्था येते. अशा वेळी जेट आणखी खाली न नेता सुई बदला. सुरुवातीच्या एमजीबीला मूळ सुई एमबी होती, रिच सुई ६ क्रमांकाची. दोन्ही कार्बोरेटरांत एकाच क्रमांकाची सुई हवी. नंतर सरळ रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये गाडी चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, सुरक्षित जागी थांबून प्लग काढा. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत चावी फक्त इंजिन बंद होईल इतकीच फिरवा. पोर्सेलिनचा रंग फिका तपकिरी हवा. पांढरा असेल तर ती गाडी तशी पळवू नका.

मिक्स्चर लावताना जागेचंही भान ठेवा. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि मिक्स्चर साधारण सहा टक्के रिच होतं. तिथे रॅलीला गेल्यावर गाडी जड वाटली म्हणून जेट वर घेतले आणि तसेच मुंबईला उतरलात तर ई२० च्या जोडीने ती फारच लीन होईल.

पाइप सगळे बदला. एसएई जे३० आर९ असं छापलेला पाइप इथेनॉलला टिकतो, साधा काळा रबर आतून भुगा होतो आणि तो भुगा थेट फ्लोटच्या सुईत अडकतो. फ्लोटच्या सुईचं टोक व्हायटॉनचं घ्या. एचएस४ चा जेट नायलॉनच्या नळीने फ्लोटच्या भांड्याला जोडलेला असतो. ती बसवताना नळीचं टोक ग्लँडच्या पुढे निदान ३/१६ इंच आलेलं हवं, नाहीतर नट कसताना ग्लँड निसटते. पुढच्या आणि मागच्या कार्बोरेटरचे जेट वेगळे असतात, मागवताना तसं सांगा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर भांडी रिकामी करा. इथेनॉल पाणी ओढतं आणि ॲल्युमिनियमवर पांढरी बुकणी धरते.

नागपूरच्या वाचकांनी उन्हाळ्यात गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही असंही लिहिलं आहे. इंजिन बंद केल्यावर एक्झॉस्टची उष्णता वर चढते आणि भांड्यातलं पेट्रोल उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये जातं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधले उष्णतारोधक ठोकळे आणि त्यांच्यामधला पत्रा मूळ गाडीत होता, पण अनेक गाड्यांतून तो गायब झालेला दिसतो. तो परत बसवा. सुरू करताना चोक न ओढता रेस पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

डॅशपॉटमध्ये (सक्शन चेंबरवरच्या तेलाच्या नळीत) कोणतं तेल, किती? माझी ट्रायम्फ स्पिटफायर, दोन एचएस२. (लेस्टर, इंग्लंड)

एसएई २० चं साधं तेल. टोपीला छिद्र असलेल्या जुन्या प्रकारात पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या टोकापेक्षा अर्धा इंच वर, छिद्र नसलेल्या धूळबंद प्रकारात अर्धा इंच खाली. सोपी तपासणी अशी: डॅम्पर (टोपीला जोडलेला दांडा) आत सोडा, टोपी आट्यांपासून साधारण ६ मिमी वर असताना अडथळा जाणवला पाहिजे.

हे तेल वंगणापुरतं नाही. रेस दिल्यावर पिस्टन एकदम वर उसळू नये आणि त्या क्षणी मिक्स्चर थोडं रिच व्हावं, हे काम त्याचं. तेल संपलं की पिकअपला खड्डा पडतो आणि लोक जेट खाली घेत बसतात. तेल फार जाड असेल तर गाडी आळसावते. एका कार्बोरेटरचं तेल वारंवार संपत असेल तर त्याच्या पिस्टनच्या दांड्याचा घेर तपासा.

जॅग्वार मार्क २, ३.४ लिटर. एचडी६ कार्बोरेटर. स्लोचा स्क्रू फिरवून थ्रॉटल उघडतच नाही! आणि गाडी पेट्रोल फार पिते. (मुंबई)

एचडी प्रकारात स्लोवर थ्रॉटल पूर्ण बंदच असतं. स्लोची हवा आणि पेट्रोल बाजूच्या वाटेने जातं आणि तुमचा स्क्रू ती वाट कमी-जास्त करतो. तो पूर्ण आत टेकवून दोन फेरे बाहेर घ्या, तिथून दोन्हीकडे सारखं करा. जेट समतल करून मिक्स्चरचा स्क्रू अडीच फेरे आत, ही सुरुवात. इथे आत म्हणजे रिच.

पेट्रोल पिण्यामागे थंड स्टार्टसाठीचा स्वयंचलित तिसरा कार्बोरेटर असण्याचा दाट संभव आहे. पाणी साधारण ३५ अंशांवर गेलं की मॅनिफोल्डवरचा तापमानाचा स्विच त्याचा प्रवाह तोडतो. स्विच चिकटला की तो चालूच राहतो आणि मोठ्याने फुसफुसतो. इंजिन गरम असताना त्याची वायर काढून पाहा. आवाज बंद होऊन चाल सुधारली तर स्विच बदला, किंवा डॅशबोर्डवर हाताचा स्विच घ्या. मुंबईच्या हवेत तो वर्षातून क्वचितच लागेल.

सगळं लावून झालं, स्लो आणि पिकअप दोन्ही छान. एअर फिल्टर बसवले की गाडी ८० च्या पुढे दमते. फिल्टर नवे आहेत. (सांगली)

फिल्टर आणि कार्बोरेटरमधलं पॅकिंग उलटं बसलं आहे, ही पहिली शंका. कार्बोरेटरच्या तोंडाच्या पाळीवर बोल्टच्या भोकांशिवाय बारीक छिद्रं असतात, ती पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचवतात. पॅकिंगने ती झाकली की पिस्टन पुरेसा वर जात नाही. पॅकिंगवरची आणि फिल्टरच्या पत्र्यावरची भोकं त्या छिद्रांशी जुळवून पुन्हा बसवा. घरी कापलेल्या पॅकिंगमध्ये ही भोकं नसतातच, ती पाडून घ्या. त्यानंतरही गाडी दमली तर पंपापासूनचा पाइप काढून एखाद्या सुट्या डब्यात धरा. धार न तुटता आली पाहिजे.